टेबलाखालच्या टाळ्या

आधी कानेदा मावशींचं नाव घेतो, मंग काय घडलं ते सांगतो.

जपानात ओसाका शहरात मी ज्या इंडियन हॉटेलात तंदूरवर होतो, त्याच्या शेजारी त्यांचं कपडे दुरुस्तीचं दुकान आहे. पँट आखूड करणं, चेन बदलणं, उसवलेलं शिवून देणं. वय सत्तरीच्या पुढं. मला या देशात खोली मिळाली ती त्यांच्यामुळं, नोकरी गेल्यावर दुसरी मिळाली तीही त्यांच्यामुळं, आणि भर लोकांत माझी बाजू घेणारं परक्या मुलखातलं पहिलं माणूस त्याच. हे पहिलेच लिहून ठेवतो. पुढं माझा आवाज चढणार आहे, आणि आवाज चढला की उपकार करणाराचं नाव त्यात बुडून जातं.

लिहून राह्यलो ते गावाकडच्या मंडळींसाठी आणि माझ्यासारखे जे पोटामागं लांब गेले त्यांच्यासाठी. गोड लागेल असं यात थोडंच आहे.

मी निघालो त्या दिवशी जालन्याच्या स्टेशनावर चौघं आल्ते. आई, अण्णा, धाकटा भाऊ दत्ता आणि सलीमभाई. अण्णा म्हणजे माझे वडील. एमआयडीसीतल्या रोलिंग मिलमधून पाळी संपवून ते थेट आल्ते, अंगावरच्या काळ्या भुकटीसकट. आजोबांपर्यंत आमच्याकडं मेंढरं होती. अण्णा मेंढरं सोडून लालभडक सळयांपुढं उभे राहिले, मी शाळा सोडून तंदूरपुढं. तापलेल्या गोष्टीसमोर उभं राहायचं हे आमच्या घरात असं चालत आलंय.

अण्णा म्हणाले, "फोन करत जा. पण रडायला करू नको, तुझी माय दोन दिवस जेवत न्हाई मंग."

आईनं शेंगदाण्याच्या चटणीचा डबा पिशवीत कोंबला आणि तिसऱ्यांदा तेच सांगितलं, "तू काय तिथं वाढणाराच राहशील. कोणी जेवायला बसलं तर त्याला ताटावरून उठवू नको. कोणी का असंना."

सलीमभाई जास्ती बोलले न्हाईत. बदनापूरच्या हायवेवरच्या ज्या ढाब्यावर मी नववी सोडून कामाला लागलो, तिथले ते तंदूरचे उस्ताद. रोटी तंदूरच्या भिंतीला ज्या कापडी गद्दीवरून चिकटवतात, ती त्यांची स्वतःची गद्दी त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून आणली होती. माझ्या हातात देऊन म्हणाले, "नई वाली को हात बैठने में टाइम लगता. ये बैठेली है." गाडी हलली तेव्हा आई रडत होती, अण्णा डब्याचा नंबर वाचत होते आणि दत्ता विचारत होता, "तिथं मॅच दिसती का रे?"

मॅच. त्याच्याचबद्दल लिहायचंय.

ढाब्यावर भारत-पाकिस्तान मॅच असली की काय व्हायचं, हे आपल्याकडच्या कोणाला सांगायची गरज न्हाई. काउंटरवर टीव्ही, समोर खच्चून माणसं. सलीमभाई आणि मी मागं तंदूरजवळ. आम्हाला टीव्ही दिसायचा न्हाई, फक्त आवाज यायचा. पाणी प्यायला आलेला प्रत्येक जण एकच प्रश्न टाकून जायचा.

"काय सलीमभाई, आज कोणाकडून?"

"रोटीकडून," सलीमभाई म्हणायचे.

लोक हसायचे. मीही हसायचो. मला तो विनोदच वाटायचा. एक माणूस तोच विनोद इतकी वर्षं का करतो, ते डोक्यात आलं न्हाई. पंधरा-सोळा वर्षांच्या पोराच्या डोक्यात येतही न्हाई.

त्यांचा एक रिवाज होता. कॉमेंट्रीवाल्याचा आवाज चढला, की सिक्सर बसला असं समजून ते एक रोटी जास्तीची थापायचे. ती कामाच्या पोरांची. गरम गरम, मिठासोबत आम्ही उभ्या उभ्या खायचो. सिक्सर कोणी मारला हे ते कधी विचारायचे न्हाईत. मी एकदा म्हणालो, "उस्ताद, हा तर त्यांचा होता." त्यांनी माझ्या टकुऱ्यात पिठाचा हात मारला. "आटे को क्या मालूम, किसने मारा? तू थाप जल्दी." तेव्हापासून माझा हात तसाच वळला. चढता आवाज कानावर पडला की गोळा उचलायचा. डोक्याला विचारायचं न्हाई.

ढाबा, मंग पुण्याचं हॉटेल, मंग जपान. इथला स्वयंपाक्याचा व्हिसा हॉटेलाशी बांधलेला असतो. हॉटेलाचा मालक म्हणाला नको, की मुक्काम हलवायला लागतो. माझे मालक चोप्रासाहेब, दिल्लीकडचे. माणूस वाईट असं म्हणणार न्हाई, पण गिऱ्हाईक त्यांना देवापेक्षा जवळचं. सुरुवातीला मी हॉटेलाच्या माळ्यावर पिठाच्या पोत्यांजवळ झोपायचो. खोली शोधायला गेलो तर प्रत्येक एजंट कंबरेत वाकून, अगदी अदबीनं सांगायचा की मालक परदेशी माणसाला देत न्हाई. शिवी देणाराला निदान उलट शिवी देता येते. वाकून न्हाई म्हणणाराला काय देणार?

कानेदा मावशी रोज दुपारी आमच्याकडं डाळ आणि नान खायला यायच्या. एका दिवशी माझ्या डोळ्याखालचं काळं बघून त्यांनी विचारलं, झोपतोस कुठं? मी हातवारे करून सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्या स्वतः माझ्यासोबत एजंटकडं आल्या. इथं खोली घ्यायला जामीनदार लागतो आणि सहीच्या जागी घरचा शिक्का लागतो. त्यांनी पिशवीतून शिक्का काढला, त्यावर फुंकर मारली आणि दाबला. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "माझ्या बापालाही कोणी खोली देत नव्हतं."

तेव्हा कळलं. दुकानाच्या पाटीवर कानेदा, पण घरातलं आडनाव किम. जपानचं कोरियावर राज्य होतं तेव्हा त्यांच्या वडलांना इकडं मजुरीला आणलं. मावशींचा जन्म याच गल्लीतला. कोरियाची बोलीही त्यांना मोडकीतोडकीच येते. तिकडं एकदा गेल्त्या, तर तिथल्या लोकांनी 'जपानीण आली' म्हणून हसून घेतलं. इकडं पाटीवर खरं नाव लावलं तर गिऱ्हाईक कमी होतं. त्यांच्याकडं कोबीचं तिखटजाळ लोणचं असायचं, किमची. मी त्यांना आईच्या चटणीचा डबा दिला, त्यांनी मला किमचीची बरणी. आमचा ठेचा आणि ते लोणचं नक्कीच चुलत भावंडं असणार.

आता ओकादासान; 'सान' म्हणजे आपल्याकडचं राव-बाई. हे आमचं रोजचं गिऱ्हाईक. पूर्वी बांधकामाचा ठेका घ्यायचे, आता रिटायर. मला बेसबॉल शिकवला तो त्यांनी. काउंटरवर काड्या आणि मिरचीच्या बाटल्या मांडून सांगायचे, हा फेकणारा, हा मारणारा, हे चार कोपरे, धावून परत घरी यायचं. आणि बॉल मैदानाच्या बाहेर गेला तर होम रन, कोणी अडवायला न्हाई, आरामात चालत घरी ये. "तुमचा सिक्सर," ते म्हणायचे. थंडीत त्यांनी मला हातमोजे आणून दिल्ते. हे लिहिणं भाग आहे, कारण पुढं जे झालं ते अशाच माणसानं केलं. वाईट माणसानं केलं असतं तर मला इतकं लागलं नसतं.

मंग बेसबॉलची जागतिक स्पर्धा आली, आणि त्यात जपान विरुद्ध कोरिया. गल्लीचं तोंडच बदललं. जी माणसं रस्त्यात कोणाला धक्का लागला तर चारदा माफी मागतात, ती त्या आठवड्यात हॉटेलात बसून कोरियावाल्यांबद्दल असं बोलून राह्यली, की मला भाषा अर्धीच समजत होती हेच बरं. सूर मात्र पूर्ण समजत होता. तो सूर मी आपल्या ढाब्यावर ऐकलेला. आधी हसून बोलायचं, मंग दबक्या आवाजात, आणि मंग ज्याला लागायचं त्याला ऐकू जाईल एवढ्यानं.

चोप्रासाहेबांनी काचेवर फळा लावला. जपानचा प्रत्येक होम रन, प्रत्येक टेबलाला एक नान फुकट. हॉटेल भरणार हे नक्की. दुपारी त्यांनी मला बाजूला घेतलं.

"तेरी वो मावशी। आज ना आए तो अच्छा है। तू बोल दे।"

"मी कसं बोलू?"

"प्यार से बोल। नहीं तो मैं बोलूंगा, और मुझे प्यार से बोलना नहीं आता। और सुन, तेरा व्हिसा इस साल मुझे ही भरना है। याद है ना?"

याद होतं. मला दुसरं काही याद राहत नव्हतं. दर महिन्याला गावाकडं पैसे पाठवताना, अण्णांचा खोकला फोनवर ऐकताना, तेच याद असायचं. मी मावशींच्या दुकानात गेलो. त्या कोणाच्या तरी शाळेच्या गणवेशाची शिवण उसवत होत्या. मी म्हणालो, "आज गर्दी फार आहे." त्या खाली बघतच म्हणाल्या, "मंग माझं टेबल धरून ठेव." पुढचं वाक्य माझ्या तोंडात होतं. आई मधी येऊन उभी राहिली, स्टेशनावरच्यासारखी, पिशवी हातात घेऊन. मी "बरं" म्हणालो आणि परत आलो.

संध्याकाळी हॉटेल गच्च. बहुतेकांच्या अंगात जपानच्या टीमचा शर्ट. माझा तंदूर मागच्या बाजूला, मधे ताटं सरकवायची खिडकी. त्या खिडकीतून टीव्ही दिसत न्हाई. एकच टेबल दिसतं, भिंतीला लागून असलेलं, मावशींचं. त्यामुळं ती मॅच मी पाहिली ती त्यांच्या हातांवर.

जपानचा पहिला होम रन बसला. छत उडेल असा ओरडा. मी गोळे उचलून थापत सुटलो. खिडकीतून बघतो तर मावशी टाळ्या वाजवून राह्यल्या. दोन्ही हात वर करून, सगळ्यांसारख्या, आणि ढोंग न्हाई, चेहरा फुललेला. तो मारणारा पोरगा त्यांना आवडायचा, दुकानात त्याचं कॅलेंडर होतं.

नान वाटून झाले. खेळ पुढं सरकला. आणि थोड्या वेळानं कॉमेंट्रीवाल्याचा आवाज परत चढायला लागला.

बॉल हवेत असला की बोलणाराचा आवाज चढतोच, मंग तो बॉल कोणी का मारलेला असंना. डोक्यावर धुराडं घरघरत होतं, तंदूर धगधगत होता, बाहेरची माणसं गप्प झाली हे मला ऐकू आलं न्हाई. आवाज चढला, हात पिठात गेला. एक, दोन, तीन, सलीमभाईंच्या गद्दीवरून भिंतीला. थापता थापता खिडकीतून मावशी दिसल्या. एक हात टेबलावर, पाण्याच्या ग्लासाला धरून अगदी स्थिर. दुसरा हात टेबलाखाली. त्या हाताची दोन बोटं मांडीवर वाजत होती. चेहरा तसाच्या तसा. फक्त ती दोन बोटं, टाळ्या वाजवल्यासारखी.

मी ते पाहिलं आणि त्याचा अर्थ लावायच्या आत नान फुगले. मी ते काढून खिडकीत रचले. चोप्रासाहेबही सवयीनं उचलून टेबलाटेबलावर ठेवत गेले. चार-पाच टेबलं झाल्यावर ओकादासानचा आवाज आला.

"चोप्रासान, हा नान कसला?"

"होम रनचा."

"कोणाच्या होम रनचा?"

कोणीतरी खुसखुसलं. चोप्रासाहेबांनी टीव्हीकडं पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला. मीही तेव्हाच समजलो. कोरियाच्या होम रनवर मी अख्ख्या हॉटेलला नान खाऊ घालत होतो.

तिथंच हसून संपलं असतं. खरं म्हणजे हसण्यासारखीच गोष्ट होती. पण जपान मागं पडलं होतं, बियरच्या बाटल्या रिकाम्या होत होत्या, आणि हरायला लागलेल्या माणसाला कोणीतरी लागतं. ओकादासान खुर्ची फिरवून मावशींकडं वळले.

"आज तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतं वाटतं, कानेदासान. की किमसान म्हणू?"

इतकी वर्षं शेजारी राहून त्यांना खरं आडनाव माहीत होतं, आणि ते त्यांनी आजच्यासाठी राखून ठेवलं होतं.

"मी फक्त डाळ मागवली," मावशी म्हणाल्या.

"पोराला फितवलं तुम्ही!" दुसऱ्या टेबलावरचा एक जण ओरडला. "रोज दुपारी येऊन बसता ते काय उगीच?"

एकानं आपल्या पुढचा नान उचलला आणि मावशींच्या टेबलावर भिरकावला. तो डाळीच्या वाटीत पडला. डाळ त्यांच्या बाहीवर उडाली. आणि ओकादासान म्हणाले, "कएरे."

हा शब्द मला शिकवायला कोणी लागलं नव्हतं. पहिल्याच महिन्यात सायकलवरून जाणाऱ्या एकानं तो माझ्या अंगावर टाकला होता. चालता हो, आपल्या घरी जा.

मावशी बाही पुसत म्हणाल्या, "जाईन की. इथून तिसऱ्या गल्लीत. तुम्हीच तर माझी मोरी बांधली होती, ओकादासान."

चोप्रासाहेब खिडकीशी आले, दात आवळून कुजबुजले, "बाहर मत आना. चुप रह. बुढिया चली जाएगी, बात खतम."

आणि खरंच खतम झाली असती. मी आत राहिलो असतो तर सगळ्यांनी धरून चाललं असतं की बाईनंच काहीतरी केलं. माझा व्हिसा भरला गेला असता. अण्णांना मिलमधली पाळी सोडता आली असती. मी भ्यालो होतो, हे लिहायला मला लाज न्हाई. मी भित्राच माणूस आहे. आजही पोस्टमन आला की आधी वाटतं, हाकलायचा कागद आला. पण बाहेर त्या बाईच्या बाहीवर माझी डाळ होती आणि वाटीत माझा नान.

मी बाहेर गेलो. गद्दी हातातच राहिली होती. माझी जपानी ती काय? म्हणालो, "नान, मी केला. मावशी न्हाई. ओकादासान, तुम्ही शिकवलं. होम रन म्हणजे सिक्सर. सिक्सर झाला, मी नान केला."

ओकादासान माझ्याकडं वळले. मंग विचारलं, "तू कोणाच्या बाजूनं?"

बदनापूरपासून इतक्या लांब येऊन तोच प्रश्न. आणि माझ्या तोंडातून, मी ठरवलेलं नसताना, उस्तादाचं उत्तर बाहेर पडलं.

"नानच्या."

त्या दिवशी मला समजलं की सलीमभाई विनोद करत नव्हते. तो विनोद नसतोच. चारी बाजूंनी माणसं उभी असताना निसटायला ठेवलेली ती बोळकांडी असते.

कोणीतरी "इंडिया!" म्हणून टिंगल केली. एक जण उठून माझ्याकडं यायला लागला. तेव्हा मावशी उभ्या राहिल्या, माझ्या पुढ्यात आल्या आणि कंबरेतून वाकल्या. ओकादासानपुढं, मंग त्या नान फेकणाऱ्यापुढं, मंग सगळ्या हॉटेलापुढं.

"आमच्या घरचं पोरगं आहे," त्या म्हणाल्या. "चुकलं त्याचं. मी माफी मागते."

ज्या माणसांनी माफी मागायची, त्यांच्यापुढं ती बाई वाकली. माझी नोकरी राहावी म्हणून. डाळीचे पैसे टेबलावर ठेवले, वाटी अर्धी तशीच, आणि दार ओढून निघून गेल्या. आईनं सांगितलेली एकच गोष्ट. तेवढीही मला सांभाळता आली न्हाई. माझ्या तंदूरसमोरून एक माणूस ताटावरून उठून गेलं.

जपान नंतर जिंकलं. आणखी होम रन बसले. प्रत्येक वेळी मी नान थापले, कारण हात थांबला असता तर नोकरी तिथंच थांबली असती. तसे बेचव नान मी आयुष्यात केले न्हाईत आणि लोकांनी ते बोटं चाटून खाल्ले.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच मी त्यांच्या दारात उभा. त्यांना विचारलं, "तुम्हाला माहीत होतं तरी का आल्यात?"

त्या मशीनमध्ये दोरा ओवत होत्या. म्हणाल्या, "घरी मी एकटी बघते. आवाज बंद करून. भिंती पातळ आहेत, कोणत्या वेळेला माझ्या तोंडातून ओरडा निघाला ते शेजाऱ्यांना कळायला नको. वाटलं, मरायच्या आधी एकदा माणसांत बसून बघावं. हॉटेल तुमचं, भारताचं. वाटलं, तिथं ते पण पाहुणे, मी पण पाहुणी."

गावाकडच्या मंडळींनो, हे सगळं मी आपल्या ग्रुपवर टाकलं होतं. आठवतं का? दत्तानं लिहिलं, "तू तिथं कमवायला गेला का मधी पडायला? जपान आपला दोस्त हाये, आपुन त्यांच्याकडून." एका चुलत्यानं हसायची चित्रं टाकली. त्याच दिवशी त्याच ग्रुपवर पाकिस्तानला हरवल्याचे जुने व्हिडिओ फिरत होते, आणि एकात आपल्याच हायवेवरच्या ढाब्यासमोर फटाक्यांची माळ लावलेली, पाठीमागं तंदूरजवळ एक म्हातारा पाठमोरा उभा. त्याला हाका मारून राह्यलेत, "सलीमभाई, तोंड इकडं करा की!" तुम्ही पाहिलं असंल, हसला असाल. मी ती पाठ ओळखतो. त्या पाठीमागं उभं राहून मी रोटी शिकलो. तुम्हाला माझा राग येईल. येऊ द्या. ओकादासानचा मला आला तेव्हा तुमचा पण आला, आणि दोन्ही राग तोलून पाहिले तर एकाच वजनाचे भरले.

मी सलीमभाईंना फोन लावला. जे झालं ते सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मंग विचारलं, "गद्दी कैसी है?"

"बराबर आहे, उस्ताद."

"धोना मत. घिस जाती." एवढंच. त्या व्हिडिओचं ते बोलले न्हाईत, मीही काढलं न्हाई.

चोप्रासाहेबांनी व्हिसा भरला न्हाई. "तू रोटी बनाने आया है कि देश चलाने?" म्हणाले. ओकादासान मला रस्त्यात भेटले तेव्हा काहीच न झाल्यासारखा अंगठा वर करून हसले. मी त्यांचे हातमोजे हॉटेलातल्या त्यांच्या जागेपुढं काउंटरवर ठेवून आलो. लोक म्हणतील, म्हातारा माणूस, प्यालेला होता, सोडून दे. सोडलं न्हाई. तो अंगठा मला त्या 'कएरे'पेक्षा जास्ती सलतो. मोरी बांधून दिलेल्या घरातल्या बाईला घरी जा म्हणायचं, आणि सकाळी हसायचं.

मुदत संपत आली, तशी माझी झोप उडाली. मावशींनी आपल्या गिऱ्हाइकांना विचारून विचारून कोबे शहरातलं एक इंडियन हॉटेल शोधलं. मालक केरळचा, गप्प माणूस. आणि खोलीसाठी त्या परत आल्या, गुडघे दुखत असताना, रेल्वेनं, पिशवीत तोच शिक्का घेऊन. एजंटनं विचारलं, हा तुमचा कोण? त्यांनी शिक्क्यावर फुंकर मारत तेच सांगितलं जे त्या दिवशी हॉटेलात सांगितलं होतं.

आता मी कोबेत आहे. मॅच इथंही लागते. कोणाची का असंना, बाहेर ओरडा झाला की आधी मी गिऱ्हाइकांत बघतो, कोणता माणूस ओरडत न्हाई. आईची आठवण येते, अण्णांच्या खोकल्याची येते, स्टेशनावरच्या त्या चौघांची येते. यायचं आहे मला. पण खरं सांगतो, मॅचच्या दिवशी येणार न्हाई. ज्या जागी माणसाला आधी बाजू विचारतात आणि मंग पाणी, ती जागा नकाशात माझी असंल, पण तिथं मला घरच्यासारखं वाटत न्हाई. माझ्यासाठी घर आता एक बाई आहे, जी अख्ख्या हॉटेलापुढं वाकली आणि मी तिचा आहे म्हणाली. तिलाच घर न्हाई म्हणतात, ते म्हणोत.

मावशी, तुम्हाला हे वाचता येणार न्हाई. कधीतरी बसून मोडक्यातोडक्या बोलीत सांगीन. कधी ना कधी माझा स्वतःचा तंदूर होईल, चार टेबलांचा का होईना. त्या दिवशी टीव्हीच्या अगदी समोरचं टेबल तुमचं. त्यावर 'किम' असं लिहिलेलं, मोठ्या अक्षरात. दोन्हीकडच्या होम रनला नान निघंल, आणि ज्याला ते खपणार न्हाई त्यानं बाहेर जाऊन खावं. तुमचा शिक्का मला परत देता येणार न्हाई, तुमचं वाकणं तर न्हाईच न्हाई. पण ती दोन बोटं जी टेबलाखाली वाजत होती, ती मी एक दिवस टेबलाच्या वर आणीन. एवढं तुमचं माझ्याकडं आहे, मावशी. ते मी फेडीन.